उतरलेला गंधार

नोकरीत शेकडो फिर्यादी लिहून घेतल्या, पण चोरीला गेलेल्या वस्तूचे वर्णन गाऊन दाखवणारा फिर्यादी मला एकदाच भेटला. तो आवाज अजून कानात आहे.

तेव्हा मी वैनगंगेच्या काठच्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. शिपाई म्हणून भरती झालो, खात्याची परीक्षा देऊन वर चढलो. मागे कुणी नव्हते. वडील आठवडी बाजारात भाजी विकत, आणि घासाघीस मी तिथेच शिकलो. ती पुढे आरोपींशीही कामी आली, साहेब लोकांशी मात्र कधी आली नाही.

दिवाळी नुकतीच झाली होती. झाडीपट्टीत, म्हणजे विदर्भाच्या पूर्व टोकाला, दिवाळी ते होळी हा नाटकांचा हंगाम. गावोगावी शंकरपट भरतो, बैलांच्या शर्यती होतात, आणि पटाच्या गावात नाटक हवेच. अशाच एका नाटक कंपनीचा टेम्पो भर दुपारी रस्त्याच्या कडेला उभा होता. वादक मंडळी समोरच्या खानावळीत जेवत होती. तेवढ्यात कुणीतरी कुलूप तोडून पेटी, तबला-डग्गा, ढोलकी आणि क्लॅरिनेट उचलून नेले.

फिर्याद द्यायला कंपनीचे पेटीवादक आले. साठी ओलांडलेले. सगळे त्यांना मास्तर म्हणत.

"पेटीचं वर्णन सांगा," मी म्हणालो.

"सागवानी आहे. पॉलिश गेलं आहे. आन् वरचा गंधार जरासा उतरला आहे." एवढे बोलून त्यांनी तो सूर लावून दाखवला. मग बरोबर असलेला लावला, मग पुन्हा उतरलेला. ठाण्यातला लेखनिक तोंड दाबून हसायला लागला.

"मास्तर, मला गाणं नको. वर्णन पाहिजे."

"हेच वर्णन आहे साहेब. सागवानी पेट्या त लय आहेत."

मी चिडून लेखनिकाला म्हणालो, लिही, वरच्या सप्तकातला गंधार किंचित उतरलेला. रागाच्या भरात घातलेले हे वाक्य पुढे आमच्याच गळ्याशी आले.

"दुरुस्त का नाही करून घेतला?"

मास्तर म्हणाले, "तशीच पाहिजे होती. साहेब, बारा दिवसांनी आमचा पहिला प्रयोग आहे. तोवर पेटी नाई भेटली त मालक लाईटवरचा कॅसिओ आनतो म्हनते. कॅसिओ आला का मी घरी बसलो, आन् आमची गानारी बाईही घरी बसली."

पेटीवादक घरी बसेल हे समजले. बाई का, ते समजले नाही. मी विचारलेही नाही.

माझे खबरे कामाचे निघाले नाहीत. ते भंगारवाले आणि मोटारसायकल चोर ओळखत, वाद्ये नाही. चौथ्या दिवशी सकाळी ठाण्याच्या आवारात पंधराएक माणसे येऊन बसली. पाच वेगवेगळ्या नाटक कंपन्यांचे वादक. एरवी या कंपन्या एकमेकांच्या गावाच्या तारखा पळवतात. मास्तर एका कोपऱ्यात होते. बोलत होता दुसऱ्याच कंपनीचा तबलजी. हंगाम नसतो तेव्हा बौद्ध विहारांतल्या कार्यक्रमांत साथ करणारा, फटकळ माणूस.

"साहेब, तुमी दुकानादुकानांवर धाड टाकाल त माल वैनगंगेत जाईन. आमाले आठ दिवस द्या."

"दोन."

"दोन दिवसांत त आमचा तबला लागत नाई." सगळे हसले. मी हसलो नाही.

"तीन."

"सहा द्या साहेब."

"पाच. आणि रोज संध्याकाळी मला फोन."

"पाच त पाच. पन तोवर तुमचा एकही शिपाई कोन्या दुकानापुढे दिसू नये."

मान्य केले. ते दिवस मी चरफडत काढले, पण त्या लोकांनी जे काम केले तसे माझ्या हाताखालच्या कुणी केले नसते. त्यांचा विचार सरळ होता. चोरलेली सायकल कुणीही चालवतो, पण चोरलेली पेटी वाजवून पाहायला वादकच लागतो. म्हणून त्यांनी सिरोंच्यापासून राजुऱ्यापर्यंत लग्नाचे बँडवाले, भजनी मंडळे, वाद्य दुरुस्त करणारे, सगळ्यांना फोन लावले. चोरीचा शब्द काढला नाही. हंगामात पेटी बिघडली, जुनी असेल तर सांगा, एवढेच. ज्या कंपनीची पेटी शाबूत होती तिचा वादकसुद्धा आपली बिघडल्याचे सांगत होता.

चौथ्या संध्याकाळी फोन आला. मुलचेऱ्याकडच्या बंगाली वस्तीतल्या एका कीर्तन मंडळाचा पेटीवाला राजुऱ्याला मंडप आणि साउंड भाड्याने देणाऱ्या एका दुकानदाराकडे पेटी बघून आला होता. दोन मिनिटे वाजवली आणि मोबाईलवर टिपून पाठवली.

मास्तरांना बोलावले. त्यांनी मोबाईल कानाला लावला, डोळे मिटले.

"पेटी माझी आहे."

मी उठलोच. गाडी काढायला सांगणार तेवढ्यात ते म्हणाले, "पन गंधार माझा नाई. हा बरोबर आहे."

"मास्तर, पेटी तुमची आणि सूर दुसऱ्याचा, असा जबाब लिहू का मी?" माझा आवाज लॉकअपपर्यंत गेला असावा. "मग कशावरून तुमची?"

"फोनवर बायको बोलली त तुमी कशावरून वळखता?"

पण हा काही पुरावा नव्हता.

दुसऱ्या दिवशी मास्तर, तबलजी आणि आणखी काही वादकांना घेऊन राजुऱ्याला गेलो. दुकानदार शांत माणूस. खुर्ची दिली, चहा मागवला. पेटी नवे पॉलिश लावून समोरच ठेवलेली. खरेदीची एक मोघम पावती त्याने दाखवली. मी दरडावायला सुरुवात केल्यावर त्याने खिशातून मोबाईल काढला. फिर्यादीची प्रत हल्ली पोलिसांच्या संकेतस्थळावर कुणालाही मिळते.

"साहेब, तुमच्याच फिर्यादीत लिहून आहे, गंधार उतरलेला. वाजवून पाहा. एक सूर इकडचा तिकडे असन त घेऊन जा."

मास्तरांनी वाजवले. सूर चोख होता. मी दोन शिपाई दुकानावर ठेवले आणि दातओठ खात बाहेर आलो. पेटी संशयावरून जप्त करता आली असती, पण माझ्याच कागदाच्या आधारे न्यायालयातून ती त्याच्याकडे परत गेली असती.

गाडीपाशी तबलजी हळूच म्हणाला, "कोनीतरी सूर सुधारला आहे साहेब. आन् इतका साफ सुधारनारा राजुऱ्यात एकच म्हातारा आहे."

मी म्हणालो, त्याला ठाण्यात आणतो. सगळे वादक एकदम नाही म्हणाले. मास्तर एकटे गेले. मी तासभर चहाच्या टपरीवर बसलो, आणि आयुष्यात पहिल्यांदा साक्षीदार माझ्याकडे चालत येण्याची वाट पाहिली.

म्हातारा आला. येताच म्हणाला, "मी चोर नाई साहेब."

"तुम्ही साक्षीदार आहात. तसं लिहून घेतो, तुमच्यासमोर." लिहिले, वाचून दाखवले, मग तो बसला.

"त्यानं फक्त भात्याचा कपडा बदलाले देला होता. मी वाजवून पाह्यली. एवढा गोड बाजा, आन् एक सूर खाली. मले राहावलं नाई. घासून वर आनला. त्याले सांगितलंही नाई, पैसेही नाई घेतले."

मास्तर म्हणाले, "काऊन केलं भाऊ असं? कालपासून जिवाले घोर लावला तुमी."

"तुमी बिघडवून काऊन ठेवला होता पन?"

मास्तरांनी माझ्याकडे पाहिले आणि मला बाजूला नेले. त्यांची गायिका बावीस वर्षे त्यांच्याबरोबर गात होती. अलीकडे वरच्या गंधारावर तिचा आवाज किंचित खाली बसू लागला होता. मास्तरांनी एका दुपारी पेटी उघडून तो सूरच तेवढा खाली आणला, म्हणजे गळा आणि पेटी वेगळे ऐकू येणार नाहीत. कॅसिओ असा कुणासाठी खाली येणार नव्हता. "तिले माहीत नाई," ते म्हणाले. "कागदावर कारण नका लिहू साहेब."

दोन पंच घेतले आणि दुकानदारासमोर पेटी उघडली. आत प्रत्येक सुराची एक पितळेची बारीक पाती असते. म्हाताऱ्याने समजावले: सूर खाली आणायचा तर पाती मुळाशी घासतात, वर चढवायचा तर टोकाशी. भिंग आणवले. गंधाराच्या पातीवर मुळाशी जुने, काळवंडलेले ओरखडे होते आणि टोकाशी ताजे, चकचकीत. बाकी कुठल्याही पातीवर असे दोन्हीकडे नव्हते. म्हणजे हा सूर आधी कुणीतरी मुद्दाम उतरवला होता आणि नुकताच कुणीतरी चढवला होता. फिर्यादीतले माझे रागातले वाक्य आता पुरावा म्हणून उभे राहिले.

मी दुकानदाराला भिंग दिले. त्याने बराच वेळ पाहिले आणि पाणी मागितले. मग मी फक्त एवढे विचारले, "बाकीचा माल कुठे आहे ते आत्ता सांगणार, की मी शोधल्यावर?" त्याने आत्ताच सांगितले. गोदामात मंडपाच्या कापडाखाली सगळे होते. चोरी त्याच्याच टेम्पोचालकाने केली होती.

आता पेटी मुद्देमाल झाली. खटला संपेपर्यंत ती मुद्देमाल खोलीत धूळ खाणार, आणि प्रयोगाला तीन दिवस उरलेले. पुन्हा घासाघीस. मी न्यायालयात विनंती केली की पाती तेवढी पुरावा म्हणून मोहरबंद करावी, पेटीचे फोटो आणि पंचनामा जोडावा, आणि वाद्ये सुपूर्दनाम्यावर, म्हणजे मागताच हजर करण्याच्या लेखी हमीवर, परत द्यावीत. आदेश दुसऱ्या दिवशी मिळाला. सूर उतरवण्याचे कारण मी लिहिले, 'वादकाच्या सोयीसाठी'. कुणी त्यावर बोट ठेवले नाही.

नवी पाती बसवायला राजुऱ्याचा तोच म्हातारा आला. मास्तर म्हणाले, आता सूर खाली घ्या.

"चांगला सूर मी माझ्या हातानं बिघडवू?"

"बिघडवू नका. बसवा."

म्हातारा पुटपुटत राहिला, पण उतरवला, अगदी तेवढाच.

प्रयोगाच्या दिवशी दुपारी तालीम पाहायला गेलो. वादक रंगमंचापुढच्या खड्ड्यात, प्रेक्षकांकडे पाठ करून बसलेले. बाईंनी गाणे म्हटले. तो गंधार आला, मी कान टवकारून बसलो होतो, आणि मला काहीसुद्धा कळले नाही. गळा कुठे संपतो आणि पेटी कुठे सुरू होते, सांगता आले नाही.

निघताना बाई चहा घेऊन आल्या. इकडे तिकडे पाहून म्हणाल्या, "साहेब, ठान्यात काय काय झालं ते समजलं मले. तो सूर मास्तरनं माझ्यासाठी उतरवला, हे मले पहिल्या दिवशीच समजलं होतं. बावीस वर्षं त्या पेटीवर गाऊन राह्यली, मले समजन नाई का? त्याले सांगू नका. त्याले वाटते मले माहीत नाई."

मी सांगितले नाही. आज दोघेही हंगामाला जात नाहीत, म्हणून लिहितो आहे.

आता माझे. त्या गुन्ह्याची जी बातमी छापली गेली त्यात जिल्ह्याच्या पथकातल्या सहा जणांची नावे होती. त्यातल्या एकानेही ती पेटी उघडी पाहिलेली नव्हती. माझे नाव नव्हते, वादकांचे तर नव्हतेच. कात्रण अजून कपाटात आहे आणि हाताला लागले की राग येतो, तो काही गेलेला नाही. बातमी आली त्या दिवशी मी वर्तमानपत्र घेऊन मास्तरांकडे तावातावाने गेलो होतो, तेव्हा ते पेटी पुसत होते. बातमी त्यांनी पूर्ण वाचली, घडी घालून परत दिली आणि विचारले, "साहेब, रातच्या प्रयोगाले येता का? खड्ड्यात जागा करतो तुमाले."

मी गेलो. ते माझ्यासाठी जरा सरकले. तिथून प्रेक्षक दिसत नाहीत. दिसतो फक्त गाणाऱ्याचा चेहरा, आणि माणूस कुठे कमी पडतो ते तिथूनच सगळ्यात आधी कळते. तपासात माणसांकडे मी त्यानंतर तसेच पाहायचा प्रयत्न केला. दर वेळी जमले असे म्हणणार नाही.

मास्तरांनी पेटीवर हात ठेवला. वर बाईंनी गळा साफ केला.