प्रभुभोजनाची रांग

कोरोनात आमच्या नाशिक रोडच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर नि द्राक्षरस घेण्याच्या विधीला, प्रत्येकाला वेगळे असे प्लास्टिकचे इवलेसे पेले आले, ते साथ सरली तरी हटेनात. कमिटीशी भांडून मी ते बंद करायला लावले. कारण एकच. गुरुवारी मी एचआयव्हीसह जगणाऱ्यांची प्रार्थनासभा घेते. त्यातली एक बाई इगतपुरीहून रविवारच्या उपासनेलाही येते. तिचा आजार मंडळीत सगळ्यांना ठाऊक आहे. सगळ्यांनी तिच्यासोबत एकाच प्याल्यातून द्राक्षरस घ्यावा, अशी माझी फार इच्छा होती. प्याल्यातून हा आजार पसरत नाही, हे मी इतक्यांदा ऐकवलं की शेवटी कमिटीनं हात टेकले.

मोठ्या तोऱ्यात मी तिला बातमी दिली.

"ताई, राग नका मानू," ती म्हणाली. "माझी ताकद कमी हाय. कुणाचा सर्दी-खोकला लागला का मला लय दिवस पुरतो. ते छोटे पेले बरे व्हते."

"मग आधी का नाही बोललीस?"

"तुमी माझ्यासाठीच भांडत व्हत्या ना."

मी पुरती गोंधळले. पेले परत मागावेत, तर लोक म्हणणार, बघा, शेवटी हिलाही तिच्या आजाराची भीती वाटलीच. न मागावेत, तर ती आजारी पडणार. तू घेऊच नकोस म्हणावं, तर प्रभूच्या मेजावरून तिला उठवणारी मी कोण? प्रार्थना केली, पण काही उमगलं नाही. शेवटी स्वतःच अक्कल चालवली. तिनं रांगेत सगळ्यांत पुढं राहायचं, कुणाचे ओठ लागायच्या आत प्यायचं. तिच्यामागं मी. ती म्हणाली, "चालंल."

त्या रविवारी ती पहिली प्यायली आणि मान खाली घालून पुढच्या बाकावर जाऊन बसली. मग मी प्यायले. वळून पाहते, तर एरवी दारापर्यंत जाणारी रांग चार-पाच जणांवर आलेली. बाकीचे जागेवरच डोळे मिटून बसले होते. आमच्या चर्चमध्ये एवढी प्रार्थना मी कधी पाहिली नव्हती. ते घाबरले होते की खरंच प्रार्थनेत होते, मला कळेना. राग आला, रडूही आलं.

"ताई," ती हळूच म्हणाली, "आज प्यायला भ्या नाय वाटलं."

ती मागं वळायच्या आत मी तिच्या शेजारी बसले, तिला रांग दिसू नये अशी.