शेवटचे गिऱ्हाईक

चैत्रातल्या सकाळी अप्पांच्या गाडीचे दार उघडले की उन्हाने नुकत्याच कोमट झालेल्या चामड्याचा वास येतो आणि त्याच्या मागोमाग, आईने कधीतरी मागच्या सीटवर विसरलेल्या मोगऱ्याचा, दरवळ म्हणावा की आठवण असा प्रश्न पडावा इतका पुसट गंध. नऊ वर्षे हा वास टिकून आहे. ज्या परदेशी कंपनीने ही गाडी घडवली ती टिकेल की नाही, हे मात्र आज कुणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही.

अप्पा म्हणजे माझे वडील. म्हैसुरात त्यांनी चाळीस वर्षे कोट शिवले. दुकानाला कुलूप लावले त्याच महिन्यात त्यांनी ही भारी गाडी घेतली, तेव्हा नातेवाईकांनी म्हातारचळ या शब्दाच्या अलीकडचेपलीकडचे सगळे शब्द वापरून पाहिले. शोरूममधला विक्रेता इंजिनाच्या ताकदीचे गुणगान गात होता आणि अप्पा सीटच्या कडेने अंगठा फिरवत होते, टाका टाका चाचपत, डोळे मिटून. दोन टाक्यांमधले अंतर कुठेही ढळलेले नाही, एवढे त्यांना कळले आणि त्यांनी मान डोलावली. गाडीची पारख शिवणीवरून करणारा माणूस त्या विक्रेत्याने त्याआधी पाहिला नसावा.

पुढे दिवस पालटले. ते शोरूम बंद झाले, त्याच्या काचांवर आतून जुनी वर्तमानपत्रे लागली. दुरुस्तीला गाडी बेंगळुरूला न्यावी लागू लागली, आणि साधा सुटा भाग यायलाही महिना उलटू लागला. तरी मी गप्प होतो. पण गेल्या फाल्गुनात नंजनगुडाहून देवदर्शन करून परतताना कडकोळजवळ भर दुपारी गाडी बंद पडली. काचा उतरेनात, दारे उघडेनात. वीसेक मिनिटांनी दार उघडले तेव्हा हृदयाचे दुखणे असलेली माझी आई घामाने निथळत होती आणि तिच्याने बोलवत नव्हते. त्या दिवसापासून मी एकच धोशा लावला होता, की गाडी विकायची. अप्पा ‘बघू’ म्हणत आणि विषय बदलत.

म्हणूनच एका रविवारी बोगादीला एका डॉक्टरांच्या घरी याच बनावटीच्या गाड्यांचे चारपाच मालक जमणार असल्याचे कळताच मी अप्पांना मुद्दाम घेऊन गेलो. परक्यांचे तरी ऐकतील, असा माझा कावा होता. या मंडळींचा एक अलिखित नियम आहे. गाडीला ऐकू जाईल अशा अंतरावर तिची निंदा किंवा विक्रीची भाषा करायची नाही, केली तर ती रुसते आणि वाटेत दगा देते. हाडांचे निष्णात डॉक्टर, संगणकात बुडालेली एक तरुणी, कोडगूकडचे एक कॉफीमळेवाले, सगळी शिकलीसवरलेली माणसे. पण गाड्या पुढच्या अंगणात उभ्या करून खुर्च्या घेऊन मागच्या परसात आली, आणि करंजाच्या फुलोऱ्याखाली, आवाज खाली आणून, आपापले गाऱ्हाणे मांडू लागली.

डॉक्टरांच्या मते इंजिन खणखणीत, तारा मात्र कुचकामी. तरुणी म्हणाली की कंपनीचे मालक बदलल्यापासून नव्या गाड्यांत नुसते प्लास्टिक आले आहे, नाव तेवढे जुने. ती याच महिन्यात गाडी काढून मोकळी होणार होती. मळेवाल्यांनी तर तसलीच दुसरी मोडकी गाडी आणून शेडमध्ये ठेवली होती, पहिलीला अवयव पुरवायला. कंपनी देश सोडून जाणार का, यावर बराच वेळ खल झाला. वर मधमाश्यांची गुणगुण चालली होती. माझ्या मनासारखे सगळे घडत होते.

कॉफी आली तशी मंडळी आत गेली. अप्पा उठले नाहीत. खुर्चीच्या हातावर अंगठा फिरवत म्हणाले, “दुकानात शेवटी एकच गिऱ्हाईक राहिलं होतं. ते रिटायर झालेले मेष्ट्रू, शाळामास्तर, जयलक्ष्मीपुरमचे. माझा हात थरथरायला लागला होता, नोड, बघ. खांदा बसला नव्हता कोटाचा. मला कळलं, त्यांना पण कळलं. घालून गेले, एक अक्षर बोलले नाहीत. म्हणून त्या दिवशी मला जेवण गेलं.”

अंगठा तसाच फिरवत ते म्हणाले, “ही सीट ज्यानं शिवली, तो पण असंल की कुठं तरी. त्याला पण कोण तरी शेवटचं पाहिजे, नाही का, अल्वा?”

मग त्यांनी खिशातून किल्ली काढून माझ्या तळहातावर ठेवली. “पण तुझी आई त्या दिवशी काचेला हात लावून बसली होती, ते डोळ्यापुढनं जात नाही. साकु, पुरे झालं. वीक तू.”

मला हवे होते ते मिळाले होते, आणि मला रडू येत होते. कारण दुकान ओस पडू लागले होते त्याच वर्षी माझे लग्न झाले, आणि अप्पांची शिलाई जुन्या वळणाची वाटते असे मित्र म्हणाले म्हणून मी लग्नाचा कोट बेंगळुरूहून तयार आणला होता. अप्पांनी त्याच्या पँटची घडी तेवढी वर घेऊन, टाके घालून, इस्त्री करून दिली होती. मेष्ट्रूंना जे जमले, ते मला, त्यांच्या मुलाला, सुचलेही नव्हते.

“अप्पा,” मी विचारले, “लग्नातला तो कोट मी बाहेरून आणला, तुम्हाला वाईट वाटलं होतं?”

त्यांनी माझ्याकडे पाहिले. चेहऱ्याकडे नव्हे, खांद्यांकडे, पूर्वी दारातून आत येणाऱ्या गिऱ्हाइकाकडे पाहत तसे.

“डावा खांदा तुझा स्वल्प उतरता आहे, मरी, बाळा. लहानपणापासून. आत थोडी भर घालायला पाहिजे होती. त्या बेंगळुरूवाल्यांना काय माहीत? मला माहीत होतं.”

आणि त्यांनी आपला हात माझ्या त्या खांद्यावर ठेवला. माझे माप इतकी वर्षे त्यांच्याजवळ होते, आणि मी ते मागायला कधी गेलोच नव्हतो.