काळी आणि दोन तांबड्या

सरकारी दवाखान्यात तीस वर्षं ड्रेसर म्हणून काम केलेल्या या माणसाला सगळी गल्ली पट्टीकाका म्हणायची. भाजलेलं, कापलेलं, सडलेलं, सगळं त्यांच्या हाताखालून गेलेलं. मागच्या अंगणातल्या कोंबड्यांकडे मात्र ते निवृत्तीनंतरही फिरकले नव्हते. त्या बायकोच्या. पाच होत्या.

मग बायको पोटाच्या दुखण्याने दवाखान्यात पडली आणि काका तिच्या उशाशी बसले. त्या धावपळीत एका संध्याकाळी खुराड्याची कडी लावायची राहिली. सकाळी येऊन बघतात तर मुंगसाने चार कोंबड्या मारून टाकलेल्या. पाचवी, काळी, पाण्याच्या टाकीवर अंग चोरून बसली होती.

"कोंबड्या खातायत ना नीट?" बायकोने त्या दिवशी विचारलं.

"खातायत की. पाचही."

ती रोज विचारायची, ते रोज हेच सांगायचे. अकराव्या दिवशी तिने विचारलं नाही. दुपारी ती गेली.

घरात आता काका आणि काळी. कोंबडीला एकटं राहवत नाही, हे काकांना तेव्हा कळलं. ती दिवसभर त्यांच्या मागे मागे फिरायची, दार लावलं की दारावर चोच मारत राहायची. दाणे टाकले तर दोन टिपून थांबायची. छातीवरची पिसं तर तिने स्वतःच उपटून काढली होती.

शेजारी एक निवृत्त कंडक्टर राहायचा. त्याचा जन्म कोंबड्या पाळण्यात गेलेला. तो भिंतीवरून बघून म्हणाला, "सोबत आणा तिला. पण एक नको, दोन आणा. एकटीला ही जगू देणार नाही. आणि एकदम एकत्र सोडू नका, काका. सवत आणली की आधीची चिडणारच."

काकांनी दोन तांबड्या तलंगा, अजून अंड्यावर न आलेल्या, आणल्या आणि सगळं पथ्य दवाखान्यासारखं पाळलं. पहिले दोन आठवडे त्या दोघी जिन्याखाली, अगदी वेगळ्या. दाणा वेगळा, पाणी वेगळं, मध्ये हात धुणं. मग अंगणात जाळी ताणून अलीकडे काळी, पलीकडे तांबड्या. आठवड्याने जाळी काढली.

काळीने तिथल्या तिथे एकीचा तुरा फोडला. काकांनी जखम धुतली, रक्ताचा लाल रंग दिसला की कोंबड्या तिथेच टोचतात म्हणून वर जांभळं औषध लावलं. दुसऱ्या दिवशी काळीने दुसरीला धरलं. दोघींना ती दाण्याजवळ फिरकू देईना. चौथ्या दिवशी त्या कोपऱ्यातल्या लाकडी खोक्यामागून बाहेर यायच्याच बंद झाल्या.

"आता दांडगाई करणारीलाच बाहेर काढा," कंडक्टर म्हणाला. "चार-पाच दिवस वेगळी राहिली की तोरा उतरतो. परत येते ती नवखी होऊन."

काळी पाच दिवस स्वयंपाकघरात होती. काका जेवायला बसले की ती पाटाजवळ यायची. तिसऱ्या दिवशी तिने पहिल्यांदा त्यांच्या तळहातावरचं खाल्लं. पोटभर खाल्लं. काका त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी मोठ्याने बोलले, तिच्याशीच.

सहाव्या दिवशी सकाळी त्यांनी तिला अंगणात सोडलं आणि तासभर उभे राहिले. तांबड्या पुढे आल्या, एक-दोन चोची मारल्या, काळी कोपऱ्यात सरकली.

"एवढं चालायचंच," कंडक्टर म्हणाला. "मध्ये पडलात तर उलट लांबेल."

काकांना पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला जायचं होतं. रांग मोठी होती. साहेबांनी चेहरा बघितला, सही घेतली, ते जिवंत असल्याचा शिक्का मारला. घरी यायला दोन वाजले.

काळी भिंत आणि खोक्याच्या फटीत डोकं खुपसून उभी होती. पाठीची कातडी मानेपासून शेपटीपर्यंत सोललेली. तांबड्या शांतपणे माती उकरत होत्या. त्यांच्या चोची ओल्या होत्या.

काकांनी तिला ओट्यावर घेतलं, मिठाच्या पाण्याने धुतलं, उकळलेल्या सुईने टाके घातले. नऊ टाके. काळीने आवाज केला नाही. पाच वाजता तिने मान टाकली.

तिला कुंपणाशी पुरून काकांनी दोन्ही तांबड्या पाय धरून उचलल्या आणि कंडक्टरच्या दारात नेल्या. "या ठेव तुझ्याकडे. नाहीतर काप."

कंडक्टर त्यांच्या शर्टावरच्या रक्ताकडे बघत राहिला. "यांचा काय दोष, काका? जागा तिची होती तेव्हा तिने मारलं. पाच दिवसांत जागा यांची झाली."

"मीच काढलं तिला बाहेर."

"काढायला मी सांगितलं होतं," कंडक्टर खाली बघत म्हणाला. "आणि मध्ये पडू नका, तेही."

उलट्या लोंबणाऱ्या कोंबड्यांची फडफड थांबली होती. मग काकांनी त्या सरळ करून दोन्ही काखांत धरल्या आणि परत घरी आणल्या. दाणे टाकले, पाणी बदललं.

आठवडाभर दोघं म्हातारे एकमेकांशी बोलले नाहीत. महिन्याने तांबड्या अंड्यावर आल्या. काका अंडी उचलतात आणि भिंतीवरून कंडक्टरला देतात.

"एखादं तुम्ही खा की," तो म्हणतो.

"मला जात नाही," काका सांगतात.