आबांचा देवमासा

आत्याचं पत्र आलं तेव्हा आबा आमच्याकडे जळगावात पिंप्राळ्याला आलेले होते. आबा म्हणजे माझे आजोबा. एरंडोलजवळच्या खेड्यात त्यांची कपाशी आणि लिंबाची शेती होती. महिन्या-दोन महिन्यांनी ते एसटीनं जळगावला येत, दोन दिवस राहत आणि तिसऱ्या दिवशी करमत नाही म्हणून परत जात. आत्याची पत्रं त्यांना वाचून दाखवायचं काम माझ्याकडे होतं. मी तेव्हा नुकतीच सातवीची परीक्षा दिली होती.

आत्या कोकणात नर्स होती. दापोलीच्या खाली समुद्राकाठी एक लहानसं गाव आहे, तिथल्या सरकारी उपकेंद्रात. तिचं लग्न वर्षभरातच मोडलं होतं. ती परत आली तेव्हा गावानं बरंच काही ऐकवलं. आबांनी तिची पेटी उचलली आणि तिला धुळ्याला नर्सिंग शिकायला घालून आले. शिकून झाल्यावर आमच्या जिल्ह्यात जागा नव्हती, रत्नागिरी जिल्ह्यात होती. ती गेली, आणि पाच वर्षं झाली तरी तिथेच होती. दिवाळीला यायची, आठ दिवस राहायची. तिचं घर मात्र आमच्यापैकी कुणीच पाहिलेलं नव्हतं.

त्या पत्रात तिनं लिहिलं होतं की दोन वर्षांपासून मे महिन्यात इथल्या होड्यांना देवमासा दिसतो. ओळखीचे एक नाखवा आहेत, ते आपल्याला होडीतून न्यायला तयार आहेत. पोरीला सुट्टी आहे, तिला घेऊन आबांनी यावं.

"आखो एकदाव वाच," आबा म्हणाले.

मी परत वाचलं.

"घरइतला मासा?" ते म्हणाले. "पोर येडी व्हयी गयी."

पण ते निघाले. देवमाशासाठी नव्हे. त्यांच्या बंडीच्या आतल्या खिशात एक अर्ज होता, आत्याच्या जळगावच्या बदलीचा. ओळखीच्या एका गृहस्थांकडून त्यांनी तो लिहून घेतला होता, फक्त तिची सही बाकी होती. ही गोष्ट त्यांनी मला एसटीत सांगितली आणि वर बजावलं, "तू काही बोलू नको. मी देखी लिसू."

बरोबर आईनं दिलेल्या बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, होत्या, दादर ज्वारीचं पीठ होतं आणि आबांची शंभरेक लिंबं. पुण्याला गाडी बदलली, दापोलीला पुन्हा बदलली. शेवटची एसटी घाट उतरायला लागली आणि एका वळणावर झाडांच्या मधून समुद्र दिसला. मी ओरडलेच. आबांनी पुढच्या सीटची दांडी धरली आणि गाडी खाली उतरेपर्यंत त्या एकाच बाजूला बघत राहिले.

आत्या थांब्यावर उभी होती. पांढरी साडी, उन्हानं रापलेला चेहरा, पायात रबरी चपला. मला ती दिवाळीपेक्षा उंच वाटली. तिनं आबांच्या पाया पडायच्या आधीच आबांनी विचारलं, "हाई पानी कोठे सरस वं?"

"सरत नही आबा," आत्या हसून म्हणाली.

तिची खोली उपकेंद्राच्या मागे होती. जांभ्या दगडाच्या भिंती, वर कौलं, पुढे एक पडवी. पहिल्याच संध्याकाळी आबा वाळूवर गेले, धोतर सावरून घोट्याएवढ्या पाण्यात उभे राहिले, ओंजळभर पाणी घेऊन त्याची चव बघितली आणि थुंकले. आमच्याकडे त्या दिवसांत विहिरींचे तळ दिसत असत. "इतलं पानी," ते म्हणाले, "नि एक वाफाले बी कामनं नही." त्यांना त्याचं खरंच वाईट वाटलं होतं.

देवमासा लगेच दिसणार नव्हता. नाखव्यांनी सांगितलं होतं, वारा पडू दे, मग जाऊ. म्हणून आम्ही चार-पाच दिवस नुसतेच राहिलो, आणि आत्याचं रोजचं जगणं आम्हाला दिसलं.

सकाळी होड्या परतायच्या. बायका टोपल्या घेऊन वाळूवर जमायच्या, अर्धा तास नुसता गलका. मग किनाऱ्याला काठ्यांवर बोंबील वाळत पडायचे आणि साऱ्या गावाला तो वास यायचा. आबा उपरणं नाकाला लावून फिरायचे. आत्या आठ वाजता पिशवी घेऊन निघायची. खाडीपलीकडे एक वाडी होती, तिथे जायला ओहोटीची वेळ साधावी लागे. भरती चढली की परतीचा रस्ता बंद. दुसऱ्या दिवशी आबांनी तिची पिशवी स्वतःच्या खांद्याला लावली आणि तिच्याबरोबर निघाले. मीही मागे. गुडघाभर पाण्यातून आत्या पदर खोचून अशी चालत होती जशी आमच्याकडे बायका बांधावरून चालतात. दर दहा पावलांवर कुणीतरी हाक मारायचं. "बाई, पोराला ताप आहे, येताना डोकावा." "बाई, सून म्हायारी गेली, गोळ्या बरोबर दिल्यात." एका घरात एक बाळंतीण होती, तिची सासू आबांना पाट देऊन म्हणाली, "तुमची लेक नसती तर आमची ही वाचली नसती." आबा मान हलवत राहिले. परत येताना ते मला सारखे विचारत होते की भरती नेमकी कोणत्या वेळी चढते. तिसऱ्या दिवसापर्यंत त्यांनी चंद्रावरून हिशेब बसवला होता आणि ते आत्यालाच सांगू लागले, "चाल, येळ व्हई ऱ्हायनी."

एक फजितीही झाली. आबा माळकरी. आमच्या घरात मासे शिजत नसत. एका दुपारी ते पडवीत झोपले आहेत असं समजून आत्यानं शेजारणीनं दिलेले बांगडे तव्यावर टाकले. मी दाराशी पहारा देत होते, पण वासाला कोण अडवणार? आबा उठून थेट चुलीपाशी आले. आत्यानं तव्यावर झाकण ठेवलं आणि झाकणावर हात. तिचा चेहरा मला अजून आठवतो. तीस वर्षांची बाई, आख्ख्या गावाची बाळंतपणं करणारी, आणि शाळेत चोरी पकडल्यासारखी उभी.

आबा म्हणाले, "करपी जाई ना. झाकन काढ." मग वळून पडवीत गेले आणि तिथून म्हणाले, "खाय. मन्हाकडे देखू नको."

त्यांच्यापुरती मी बिबडी भाजून दिली.

पाचव्या दिवशी सकाळी नाखवा आले. आबांच्याच वयाचे, काळे, ठेंगणे, हाताची बोटं दोरखंडासारखी. ती बाळंतीण त्यांचीच सून. धक्का नव्हता, त्यामुळे होडीपर्यंत छातीभर पाण्यातून जायचं होतं. आत्या गेली. मला तिनं पाठुंगळी घेतलं. आबा मात्र किनाऱ्यावरच उभे राहिले.

"मी आठेच बरा," ते म्हणाले. त्यांना पोहता येत नव्हतं. गावच्या नदीत पाणी असलं तर गुडघ्याएवढं.

नाखवा त्यांच्यासमोर पाठ करून वाकले. "बसा आबा. मी आजवर कुणाला पाडलेलं नाही."

आबांनी एकदा आमच्याकडे पाहिलं, पागोटं घट्ट केलं आणि त्या म्हाताऱ्याच्या पाठीवर बसले. दोन म्हातारे एकावर एक असे पाण्यातून आले तेव्हा किनाऱ्यावरच्या बायका हसत होत्या. होडीत बसल्यावर आबा त्यांना म्हणाले, "भाऊ, कोन्ही मरानं येळे बी मले इतलं संभाळी नेवाव नही." मेल्यावरही कुणी आपल्याला इतकं सांभाळून नेणार नाही, हा अर्थ नाखव्यांना कळला की नाही कोण जाणे, पण तेही हसले.

इंजिन टकटक करत निघालं. अर्धा तास मला फार बरं वाटलं. मग किनारा बारीक रेघेएवढा झाला, नाखव्यांनी इंजिन बंद केलं आणि होडी जागच्या जागी डुलायला लागली. इंजिन चालू असताना जे कळलं नव्हतं ते आता पोटाला कळलं. नाखवा म्हणाले, "आता गप बसायचं. तो आपल्या मर्जीनं येतो." आबांनी लिंबू कापून माझ्या हातात दिलं. मी चोखलं. ऊन चढलं. पाण्यावर नुसती चकाकी. तासभर काही नाही. दोनदा नाखव्यांनी बोट केलं, दोन्ही वेळा ते गादे निघाले, म्हणजे डॉल्फिन. काळ्या पाठी वर येऊन पटकन बुडायच्या. आबांना तेही पुष्कळ होतं.

मग माझं पोट उलटलं. मी होडीच्या काठावर वाकले, आत्यानं माझे केस मागे धरले आणि दुसऱ्या हातानं कपाळ. मला फक्त हिरवं पाणी दिसत होतं आणि त्यात माझी सकाळची भाकरी. तेवढ्यात मागून एक आवाज आला. मोठ्या बैलानं नाकातून जोरात श्वास सोडावा तसा, पण कितीतरी लांब. नाखवा काहीतरी पुटपुटले. मला वळायचं होतं, पण त्याच क्षणी पुन्हा उलटी आली आणि आत्यानं माझ्यावरच वाकून मला आणखी घट्ट धरलं.

मी वर पाहिलं तेव्हा पाणी सपाट होतं. थोड्या अंतरावर एक गुळगुळीत गोल उरला होता, तेल सांडल्यासारखा. नाखव्यांनी हात जोडले होते. आबा उभे होते. डुलणाऱ्या होडीत, काही न धरता.

"देखा?" ते आमच्याकडे वळून म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. "देखा ना व पोरीस्वन?"

आत्यानं माझ्या कपाळावरचा हात काढला. "देखा आबा," ती म्हणाली.

ते माझ्याकडे बघत राहिले. मी मान हलवली. "केवढा मोठा होता," मी म्हणाले.

आम्ही आणखी बराच वेळ थांबलो. तो परत आला नाही. परतताना आबा नाखव्यांच्या शेजारी बसले आणि त्यांना सारखं काहीतरी विचारत होते, तो खातो काय, पिल्लं कशी घालतो, एकटाच का फिरतो. आत्या माझ्याकडे बघत नव्हती, मी तिच्याकडे बघत नव्हते.

दुसऱ्या दिवशी आम्हाला निघायचं होतं. संध्याकाळी पडवीत आबांनी खिशातून तो कागद काढला आणि आत्याच्या हातात दिला. मी तांदूळ निवडत बसले होते, तिथेच बसून राहिले.

तिनं वाचला. "आबा, हाऊ अर्ज कोना शे?"

"तुन्हा."

"मी त लिखा नही."

"मी लिखी आना." मग उपरणं सावरत, "मानसं इचारतस. पोर एकली इतली दूर कसाले ठेवी म्हनीसन."

आत्या चिडली नाही. तिनं कागदाची घडी केली आणि मांडीवर ठेवली. समोरून दोन बायका रिकाम्या टोपल्या घेऊन चालल्या होत्या, त्यांनी तिला हाक मारली, तिनं हात केला. मग तिनं विचारलं, "तुमले मी आठे सुखी दिसस का नही?"

आबांनी त्या बायका दिसेनाशा होईपर्यंत तिकडे पाहिलं. ते असलं उत्तर घाईनं देणाऱ्यांपैकी नव्हते.

"दिसस," ते म्हणाले.

"मंग?"

"मंग ऱ्हाय."

त्यांनी कागद परत घेतला आणि बंडीत घातला. पुढे तो बंडीबरोबर धुतला गेला. आईला खिशात त्याचा लगदा सापडला.

आत्या तिथे आणखी नऊ वर्षं राहिली. आबांचे गुडघे पार गेले तेव्हा स्वतःहून अर्ज करून ती एरंडोलला आली. तोवर आबांनी देवमासा अख्ख्या तालुक्यात नेऊन पोचवला होता. पारावर, लग्नात, कपाशी विकायला गेले की तिथे. "काया हेलानी पाठ ऱ्हास तशी," काळ्या रेड्याच्या पाठीसारखी, असं म्हणून ते दोन्ही हात पसरायचे, हात पुरायचे नाहीत, मग शेजारच्या बैलगाडीकडे बोट करून म्हणायचे, अशा चार. ऐकणारे हसले की ते मला पुढे ओढायचे. "इले इचारा. ही बी व्हती तठे." आणि मी सांगायचे, हो, मी पाहिला. दरवेळी थोडं जास्त सांगायचे. पुढेपुढे मला त्याचा रंगही सांगता यायचा.

मी कॉलेजला असताना एकदा मळ्यात आम्ही दोघंच होतो. त्या दिवशी ते पाहुण्यांना सांगणार होते आणि मला ते नको झालं होतं. मी म्हटलं, "आबा, मी तो मासा पाहिलेला नाही. मी काठावर वाकले होते. आत्यानंही पाहिला नाही."

ते लिंबं वेचत होते. वेचतच राहिले.

"म्हाईत शे मले," ते म्हणाले. "तू त ओकी ऱ्हायंती."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"तू मन्हाकरता बोलनी. मी कसाले मोडू?" आणि ते इतके हसले की त्यांना ठसका लागला, मला पाणी आणावं लागलं.

त्यानंतरही ते सांगायचे. पाहुणे आले की होडी निघायची, इंजिन बंद व्हायचं, लिंबू कापलं जायचं. पण देवमासा वर यायची वेळ झाली की ते माझ्याकडे न बघता म्हणायचे, "जाय बेटा, चहा ठेव." मी आत जाऊन चहाचं आधण ठेवायचे आणि दाराआडून ऐकायचे. बाहेर ते एकटेच सांगत असायचे, कुणालाही साक्षीला न बोलावता.