दारात आलेला ससा

दापोड्याच्या गोदामावर पहारा देणारे काका कातकरी. चहा पिताना ते आम्हा गोदामातल्या कामगारांना शिकारीच्या गोष्टी सांगत, आणि ससा कसा निसटला हे सांगताना स्वतःच जिंकल्यासारखे हसत.

परवा ट्रकांमध्ये खरोखरच एक ससा शिरला. "पकडो काका, आज दावत," ड्रायव्हर म्हणाले. काकांनी त्याला अलगद धरून सदऱ्याच्या आत घेतलं. "दारात आलेलं मारायचं न्हाय," ते म्हणाले आणि त्याला सोडायला निघाले. मीही सोबत गेलो.

त्यांचा बाप जिथं सशाला जाळं लावायचा, त्या माळावर आता गोदामंच होती. माळ विकताना कातकऱ्यांना कुणी विचारलं नव्हतं. शेवटच्या भिंतीपलीकडेही नवा भराव पडला होता. काकांनी सदऱ्याची गुंडी काढली. सशाने डोकं बाहेर काढलं.

"सोडू कुठं याला?" त्यांनी विचारलं, आणि गुंडी पुन्हा लावली.