तिसाच्या आत

सुप्रभाचा जन्म एक जुलैचा. तंजावुरातल्या एका खासगी शाळेत ती मुलींना गणित शिकवायची, आणि सरकारी शाळेतल्या नोकरीची वाट बघण्यात तिची विशी सरत आली होती. वर्षानुवर्षं बंद असलेली भरती १९९४च्या जूनमध्ये निघाली. अट एकच आडवी आली: एक जुलैला वय तिसापेक्षा कमी हवं. नेमकी त्याच दिवशी तिला तीस वर्षं पूर्ण होणार होती.

धाकट्या भावाने, वरुणरावाने, दाखल्यावरची जन्मतारीख बदलून देणारा माणूस शोधला.

"एका दिवसाचाच प्रश्न आहे, अक्का. कोणाचं काय जातंय?"

ती हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. मग तिचं कशातच लक्ष लागेना. चुलीवरचं सांबार करपलं. टाउन बस समोर येऊन थांबली, तरी ती न चढता उन्हातून पायीच शाळेत गेली.

नववीला असमानता चालू होत्या. तिने फळ्यावर लिहिलं, ५ − २x > −५५. पाच पलीकडे नेले. उणे दोनाने भागताना चिन्ह उलटवलं. x < ३०. संख्यारेषा काढून तिसावर वर्तुळ केलं, बाण डावीकडे नेला आणि बोलता बोलता वर्तुळ खडूने भरून टाकलं.

लावण्या नावाची मुलगी उभी राहिली. "मिस, तीस त्यात येत नाही. वर्तुळ पोकळ हवं."

सुप्रभा फळ्याकडे बघत राहिली. मग तिने मुलींना x च्या जागी तीस घालून बघायला सांगितलं. डावीकडे उणे पंचावन्न आलं. ते उणे पंचावन्नाहून मोठं कसं असेल? तिने वर्तुळ पुसून पोकळ काढलं.

संध्याकाळी तिने भावाला नकार कळवला. एवढं काटेकोर कोण वागतं, म्हणून तो चिडला.

"मला रोज त्या मुलींसमोर उभं राहायचं असतं रे," ती म्हणाली.

आई, चंद्रमती, बरेच दिवस तिच्याशी तुटक बोलत होती. सरकारी नोकरी सुप्रभाच्याच शाळेतल्या, वयाने लहान असलेल्या एका शिक्षिकेला मिळाली. तिला पेढे भरवताना सुप्रभाला हसू आणावं लागलं.

पुढच्या वर्षी गावात कॉम्प्युटर शिकवणारी संस्था निघाली. तिथे शिकवायला वयाची अट नव्हती. रविवारी जवळच्या त्रिची शहरात जाऊन ती आधी स्वतः शिकली, मग गावातल्या त्या संस्थेत शिकवू लागली. पगार बरा होता. तरीही सरकारी शाळा सुटायच्या वेळी ती रस्ता बदलून घरी जायची.