बोट काढलं की बंद पडणारं सर्किट

मंडळी, इथे कुणी इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग केलंय का? रडू येतंय म्हणून विचारते.

आज इथे परदेशात, माझ्या युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये सरांना माझं सर्किट चालवून दाखवायचं होतं. चालतं ते, पण एका वायरवर मी बोट ठेवलं तरच! बोट ठेवलं की स्क्रीनवर सुंदर लाट, काढलं की सरळ रेघ. आठवडाभर डोकं फोडलं, कारण सापडलं नाही.

शेवटी गुपचूप बोट ठेवूनच उभी राहिले. सर लाट बघून खूश झाले आणि म्हणाले, "गुड. नाऊ टेक युअर हँड अवे, कॅन?" म्हणजे इथल्या इंग्रजीत, 'हात काढ बघू, जमेल ना?'

मी म्हटलं, "कॅनॉट, सर."

सगळी लॅब हसली. मीही हसले आणि बोट काढलं. सरळ रेघ. नापास.

लॅबमधून निघून इथल्या क्लेमेंटी भागातल्या बसस्टॉपवर येऊन बसले, तोच पुण्याहून आईचा फोन. "झालं का गं नीट?"

"हो आई, मस्त झालं."

तिसरं वर्ष आहे माझं. तिच्याशी मी रोज असंच बोट ठेवून बोलते.

तुमच्यापैकी कुणी घरी खरं सांगितलंय का हो? सुरुवात कशी केलीत? उद्या ती परत फोन करेल.